मराठवाड्यातल्या जंगलाचे फोटो बाराही महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात जंगल आहे तरी कुठं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक हसत विचारतात आणि आपले लोक खरंच विचारतात. आहे की. कमी आहे, महाराष्ट्रात सगळ्यात कमी आपल्याचकडं, पण आहे. कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट अभयारण्य, 1986 साली जाहीर झालेलं, साधारण 260 चौरस किलोमीटर, थोडं संभाजीनगर जिल्ह्यात थोडं जळगावात. धाराशिवकडं येडशी रामलिंगघाट, छोटंसंच, पण पावसाळ्यात देखणं. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं नायगाव मयूर अभयारण्य, तिथं झाडोऱ्यापेक्षा माळरान आणि मोर जास्त. आणि दाट सागाचं रान बघायचं असेल तर नांदेडच्या पार टोकाला किनवट-माहूर, पैनगंगेच्या काठानं. शिवाय म्हैसमाळ, अजिंठ्याचे डोंगर, सौताड्याची दरी, बालाघाटाच्या घळी. सुरुवात करायला यातलं जे घरापासून तासाभरावर असेल ते घ्या, कारण परत परत जावं लागणारे.

एवढं विरळ, काटेरी रान. त्यात काय फोटो निघणार? कोकणात नाही का चांगले येणार?

माझं मत उलटं आहे आणि ते मी सोडणार नाही. दाट सदाहरित जंगलात फोटो काढणं लै अवघड, सगळीकडं वेली, पानं, फांद्या, एकात एक गुंतलेलं, नजर ठरतच नाही कुठं. आपलं जंगल शुष्क पानझडी, झाडाझाडात अंतर. जंगलाच्या फोटोत सगळ्यात मोठं काम कुठलं, तर एक खोड दुसऱ्या खोडावर चढू न देणं, आणि हे काम आपल्याकडं निम्मं निसर्गानंच करून ठेवलंय. तुम्ही फक्त दोन पावलं डावीकडं, एक पाऊल मागं, थोडं खाली बसून बघायचं, खोडांच्या मधल्या फटी मोकळ्या झाल्या की झालं.

दुसरं म्हणजे आपलं रान वर्षभरात जेवढं रूप बदलतं तेवढं सदाहरित जंगल बदलत नाही. ऑगस्टमध्ये जिथं चार हातांवरचं दिसत नव्हतं तिथून मार्चमध्ये पलीकडचा डोंगर दिसतो. ही मजा कोकणात कुठून आणणार?

विदेशी फोटोत ऑक्टोबरमध्ये लाल-पिवळी पानं असतात. आपल्याकडं ऑक्टोबरमध्ये गेलो तर सगळं हिरवंच. पानगळ येते कधी?

तिकडं झाडं थंडीला आणि लहान होत जाणाऱ्या दिवसाला बघून पानं टाकतात, आपल्याकडं पाण्याला बघून. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत फिरतो पण जमिनीत ओल असते, ती आटत आटत जाते तसं एकेक झाड पानं सोडायला लागतं. म्हणून आपली पानगळ साधारण जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, तीही सगळ्यांची एकदम नाही. माथ्यावरची, मुरमाड उतारावरची झाडं आधी उघडी पडतात, नाल्याकाठची शेवटपर्यंत हिरवी राहतात. हे कळलं ना की फोटोची जागा आपोआप सापडते: डिसेंबर संपता संपता असा उतार शोधा जिथं वर तांबूस आणि खाली नाल्यात हिरवं असं एकाच फ्रेममध्ये येतंय.

रंगाला सगळ्यात भारी धावडा. हिवाळ्यात त्याची पानं तांबूस होतात, सकाळी पाठीमागून ऊन आलं की पेटल्यासारखी दिसतात. सागाचं पान मोठं, तपकिरी, तेही वाईट नाही, पण त्याची खरी गंमत जमिनीवर, वाळलेल्या पानांचा थर आणि त्यावर उभ्या खोडांच्या लांब सावल्या.

पळस नेमका कधी फुलतो? दरवर्षी चुकतो माझा.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्च, शिमग्याच्या आसपास. पण कॅलेंडरवर विसंबून राहू नका, पाऊस कसा झाला त्यावर पुढं-मागं होतं. रस्त्याकडंचा एखादा पळस लक्षात ठेवा, त्याच्या काळ्या मखमली कळ्या दिसायला लागल्या की आठवडाभरात निघायच्या तयारीत राहा. काटेसावर बऱ्याचदा पळसाच्या आधीच फुलायला लागते, पांगाराही त्याच सुमाराला, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा, पिवळाधम्मक.

आता तांत्रिक गोष्ट, जी बहुतेकांची बोंबलते. पळसाचं फूल इतकं भगवं-लाल असतं की कॅमेऱ्यात लाल चॅनल उडतो, पाकळ्यांचा तपशील जातो आणि नुसता केशरी डाग राहतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, म्हणून रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). भर उन्हात पळस काढू नका, सावलीत किंवा दिवस मावळताना काढा. आणि एकट्या झाडापेक्षा, पानं झडलेल्या करड्या रानात मधेच एक-दोन पळस पेटलेत असा लांबून काढलेला फोटो मला जास्त आवडतो, त्यात फाल्गुन दिसतो.

गुलाबी फुलांची झाडं रीलमध्ये दिसतात, मराठवाड्याची चेरी ब्लॉसम म्हणून. ती कुठली?

बहुतेक वेळा ती गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळची मध्य अमेरिकेतली, आपल्याकडं लावलेली. दिसायला छान आहे, काढा फोटो, पण कॅप्शनमध्ये चेरी लिहू नका. गुलमोहरही तसाच, मादागास्करचा पाहुणा.

पावसाळ्यात एवढं हिरवं असतं तरी फोटो चप्पट का येतात?

कारण हिरव्यावर हिरवं, त्यामागं हिरवं. डोळ्याला खोली कळते, फोटोला कळत नाही. त्याला उपाय दोन-तीन.

एक, पाऊस पडून गेल्यावर लगेचचा अर्धा तास धरा. ओली खोडं काळी पडतात आणि मागचं हिरवं उठून दिसतं, तीच खोडं दुपारपर्यंत वाळली की परत करडी. आपल्याकडं मधेमधे पावसाचा खंड पडतोच, सलग आठवडाभर कोरडं गेलं तर ऑगस्टमध्येसुद्धा रान धुळकट दिसतं, म्हणून सुट्टी बघून जाण्यापेक्षा आभाळ बघून जावं.

दोन, आभाळ भरलेलं असेल तर ते फ्रेममध्ये घेऊ नका. पांढरं आभाळ पानांच्या फटीतून भोकंभोकं दिसतं आणि नजर तिकडंच जाते. कॅमेरा खाली झुकवा, उताराकडं तोंड करा म्हणजे मागं आभाळाऐवजी डोंगर येईल. ढगाळ उजेड मात्र जंगलासाठी सोनं आहे, सावल्या कडक पडत नाहीत, दिवसभर काम करता येतं.

तीन, हिरव्यात काहीतरी वेगळं शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये कळलावी झुडपांवर चढलेली असते, लाल-पिवळी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची. तिला हात लावत बसू नका, विषारी आहे, कंद तर फारच. पावसाळ्यातच साग फुलतो हे लै लोकांना माहीत नसतं, शेंड्यावर पांढरट तुरे येतात, समोरच्या डोंगरावरून बघितलं तर अख्ख्या उतारावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. आणि पावसाळा सरता सरता सागाच्या पानांची अळ्या जाळी करून टाकतात, नुसत्या शिरा उरतात. लोक म्हणतात रोग पडला, झाड वाळलं. झाड वाळत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतं, पण ते जाळीदार पान उन्हाकडं धरून काढलं तर असला फोटो येतो की बस.

पोलरायझर फिल्टर घ्यायलाच पाहिजे का?

जंगलासाठी एकच फिल्टर घ्यायचा तर हाच. लोकांना वाटतं तो आभाळ निळं करायला असतो, पण ओल्या पानावरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि खालचा खरा हिरवा वर येतो, हे नंतर एडिटिंगमध्ये करता येत नाही. डोळ्याला कॅमेरा लावून फिल्टर हळूहळू फिरवा, फरक दिसतो. उजेड मात्र एक ते दोन स्टॉप कमी होतो, म्हणून ट्रायपॉड जवळ ठेवा. आणि प्रत्येक वेळी पूर्ण फिरवू नका, थोडी चमक राहिली तरच पान ओलं वाटतं.

कोरड्या उन्हाळ्यात, किंवा धुक्यात, काढून खिशात टाका.

पावसात कॅमेऱ्याचं काय?

महागडं रेनकव्हर नसेल तर हॉटेलातली डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी आणि दोन सुती फडके, काम भागतं. खरा त्रास पावसापेक्षा गाडीतल्या एसीचा. थंड गाडीतून कॅमेरा बाहेर दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत धरते. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, काचा खाली करा. घरी आल्यावर बॅगेत तसंच ठेवून झोपू नका, बुरशी लागते, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.

धुई कुठं आणि कधी मिळेल?

दोन प्रकार आहेत. पावसाळ्यात म्हैसमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी ढगच खाली उतरतो, तो येतो-जातो, दहा मिनिटांत सगळं पांढरं आणि दहा मिनिटांत मोकळं. तिथं थांबून राहायचं एवढंच. दुसरी हिवाळ्यातली धुई, जमिनीलगतची. आदल्या दिवशी ओल असावी, रात्री आभाळ निरभ्र असावं आणि वारा पडलेला असावा, मग तलावाकाठी, दरीत, नदीच्या खोऱ्यात धरते. गौताळा तलावाच्या बाजूला, पैनगंगेच्या काठाला बघा. सूर्य वर आला की तासाभरात उडून जाते. त्यात एक सोय आहे, जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये पावणेसहाला, म्हणजे थंडीत फार मध्यरात्री उठावं लागत नाही, नुसतं पांघरूण सोडायची हिंमत लागते.

एक्स्पोजर वाढवायचं लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला पांढरं काही दिसलं की तो त्याला करडं करायला बघतो, धुईचा फोटो मळकट येतो. पाऊण ते एक स्टॉप प्लस करा.

उन्हाळ्यात जंगलात जाण्यात काही अर्थ आहे का? सगळं जळाल्यासारखं असतं.

लोक मार्च संपला की कॅमेरा कपाटात ठेवतात आणि नेमकं तेव्हाच रान सगळ्यात मजेदार वागतं. पाण्याचा थेंब नाही, वरून आग, आणि झाडांना नवी पालवी! कुसुमाची कोवळी पानं लालभडक असतात, फुलंच वाटतात लांबून. मोहाची पालवी तांब्यासारखी. गौताळ्याकडं अंजन बघा, त्याचीही कोवळी पालवी तांबूस असते. म्हणजे लोक ज्या लाल-तांबड्या रंगांसाठी हिमाचलला जातात ते आपल्याकडं चैत्रात असतात, फक्त पान जन्मताना.

बिनपानांच्या झाडांचं वेगळंच. कांडोळ, ज्याला भुत्याही म्हणतात, त्याचं पांढरट खोड दिवस मावळल्यावर करड्या उतारावर असं काही दिसतं की नाव का पडलं ते कळतं. सालईची साल कागदासारखी सुटते, तिच्यातून मागचं ऊन आलं पाहिजे. हे फोटो कृष्णधवल करून बघा, पानंच नाहीत तर रंगाची गरज काय.

किनवटकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि माणसं टोपल्या घेऊन वेचायला येतात. त्यांचे फोटो काढायचे तर आधी बोला, विचारा, त्यांच्या कामाच्या वेळेत तुम्ही मध्ये आलाय हे लक्षात असू द्या. काकू-मावशी नको म्हणाल्या तर नको, विषय संपला.

वेळ मात्र कडक पाळा. साडेआठनंतर उजेड कामाचा राहत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर संभाजीनगरला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावलीच पडत नाही, तेव्हा झाडाखाली बसून डबा खावा.

लेन्स कुठली घेऊ?

असेल ती. पण सगळे वाइड लेन्स लावतात आणि मग जंगल लांब, बारीक आणि पसरट दिसतं. मी तर 70-200 ची लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स जास्त वापरतो, त्यातून एक तुकडा उचलता येतो, चार खोडं आणि एक फांदी, बस. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/8 ते एफ/11, एफ/16 च्या पुढं गेलं की उलट धार जाते.

माझ्याकडं मोबाईलच आहे.

मग काय झालं. अल्ट्रावाइड सोडून द्या, 2एक्स किंवा 3एक्सची खरी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, बोटानं झूम ताणू नका. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग थोडं खाली ओढून अंधार वाढवा. मोबाईल सगळ्या सावल्या उजळून टाकतो आणि जंगलाचं जंगलपण जातं. नाइट मोडमध्ये वाऱ्यानं हलणारी पानं मेणासारखी पुसट होतात, तो बंद. प्रो मोडमध्ये रॉ (फोटोची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत असेल तर उत्तम.

वारा असला तर काय करायचं?

पानं गोठवायची तर शटर 1/250 सेकंदाहून जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. नाहीतर सरळ एक-दोन सेकंदांचं शटर लावा, खोडं स्थिर आणि पानं वाहती. मधलं काहीतरी केलं तर ते नुसतं हललेलं दिसतं.

रंग खोटे वाटतात. व्हाइट बॅलन्सचं काय?

ऑटो बंद करा. ऑटोला सकाळचं सोनेरी ऊन चूक वाटतं आणि तो ते दुरुस्त करायला जातो. डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा, रॉमध्ये काढा, घरी बसून ठरवा. एडिटिंगमध्ये हिरव्याचं सॅच्युरेशन वाढवायचा मोह आवरा, खरं तर पावसाळ्यातला हिरवा थोडा कमीच करावा लागतो. आणि बीडचा माळ केरळ करू नका हो, आपल्या मातीला स्वतःचा रंग आहे.

एकच जागा वर्षभर काढायची म्हणजे नेमकं कसं?

माझ्या लेखी सगळ्यात चांगला प्रकल्प हाच, त्याला ना पैसा लागतो ना प्रवास. असं झाड निवडा जे पानं टाकतं, म्हणजे वड नको, आणि जे रस्त्यापासून जवळ आहे, नाहीतर जुलैच्या चिखलात तुम्ही जाणार नाही. उभं राहायची जागा दगडानं किंवा मोबाईलच्या लोकेशननं नक्की करा. पहिला फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दरवेळी तो बघून फ्रेम जुळवा, झूमचा आकडा लिहून ठेवा. महिन्याचा एक पुरेसा, पण जून आणि मार्चमध्ये आठवड्याला जा, मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर चार-पाच दिवसांत जमीन कशी बदलते ते महिन्याच्या फोटोत हुकतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. उजेड दरवेळी त्याच बाजूनं येणार नाही. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडं सरकून उगवतो, डिसेंबरमध्ये आग्नेयेकडं, दोन्हीत साधारण पन्नास अंशांचा फरक पडतो. हिवाळ्यात खोडाला छान घासून जाणारं ऊन जूनमध्ये मागच्या टेकडीआड असू शकतं. म्हणून अशी मालिका ढगाळ उजेडात किंवा सूर्य उगवायच्या आधी काढली तर फोटो एकमेकांशी जुळतात.

परवानगी लागते का? ड्रोन उडवू का?

अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते, गेटवर नोंद करा, वेळ विचारून घ्या. शूटिंगबिटिंग, प्री-वेडिंग असलं काही असेल तर वेगळी लेखी परवानगी. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही. अजिंठा, पितळखोऱ्यासारख्या लेण्यांत पुरातत्त्व खात्याचे नियम, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. अजिंठा सोमवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.

बिबट्याची भीती वाटते. एकट्यानं जावं का?

गौताळ्यात बिबटे आहेतच. 2021 मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) दिसला, आणि 2024 च्या डिसेंबरात येडशीलाही एक वाघ पोचला. एवढंसं जंगल पण कुणीतरी शोधत येतं बघा. एकटं जाऊ नका, स्थानिक माणूस किंवा वनरक्षकाला विचारून जा, अंधार पडायच्या आत रस्त्यावर या, वाकून जमिनीलगत फोटो काढताना सोबत्याला उभं ठेवा.

खरं सांगायचं तर वाघ-बिबट्यापेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त छळतात. हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा, अंगाला लागल्या तर फोटो राहतो बाजूला. नोव्हेंबरपासून कुसळं, मोज्यात घुसतात, म्हणून लांब पँट आणि जाड कापड. लेण्यांच्या आणि दरीच्या कड्यांना आग्यामोहोळ असतं, तिथं अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. येडशीला रामलिंगाजवळ माकडं, बॅगेची चेन लावून ठेवा. आणि फेब्रुवारीनंतर रानात काडी पेटवायची नाही, सिगारेट तर नाहीच, वाळलेल्या सागाच्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. वणवा दिसला तर आधी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन, नंतर कॅमेरा.